सरकारांना शोभेल असं काम

कोंढापूरच्या सर्जेराव सरकारांनी एके सकाळी पदरची तीन माणसं काढून टाकायचा हुकूम दिला. सिदोजी भित्रा, गंगोजी बडबड्या आणि येसबा संशयी, म्हणून. हवालदार म्हाळोजीला राहवलं नाही.

"सरकार, माणसं वाईट नाहीत, कामं चुकीची दिलीत. संध्याकाळपर्यंत मुदत द्या, योग्य कामं लावून दाखवतो."

"दिली. जमलं नाही, तर तूही त्यांच्याबरोबर चालता हो."

संध्याकाळी म्हाळोजी दरबारात उभा राहिला.

"सिदोजीला बुरुजावर ठेवलंय, सरकार. पान हललं तरी तो दचकतो, त्याला पहाऱ्यावर डुलकी लागायची नाही. येसबा कोठारावर, तो कुलूप तीनदा ओढून पाहतो. आणि गंगोजी ओसरीवर. आपली भेट कितीही लांबली तरी पाहुणे कंटाळणार नाहीत."

दरबारात हशा पिकला. सरकारांना तो झोंबला.

"एवढा पारखी आहेस, तर माझ्या स्वभावाला कोणतं काम शोभेल ते सांग!"

राज्य म्हणावं तर खुशामत, दुसरं काही म्हणावं तर मान जायची. म्हाळोजीने हात जोडले.

"मला प्रत्येकाच्या खोडीवरूनच काम सुचलं, सरकार. आपली खोड तेवढी आपण सांगा, काम मी लगेच सांगतो."

सरकारांनी भरल्या दरबारावर एक नजर टाकली. मग ते पुटपुटले, "राहू देत तिघं. तूही राहा."

मुजरा करून म्हाळोजी बाहेर आला आणि पहिल्याच पायरीवर मटकन बसला.