गुलाबाच्या पायाशी कोण राहतं?

झाडं माणसांवर उघडपणे रागावत असत, तेव्हाची गोष्ट. सुलूमावशींच्या गुलाबावर फुलकिडे पडले. कळ्या उमलण्याआधीच करपू लागल्या. मावशींनी सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, मातीतली कीड मारणारे उपकारी जंत, पाण्यात कालवले आणि ते पाणी गुलाबाच्या बुंध्याशी ओतलं.

गुलाब भडकला. "अहो मावशी, किडे माझ्या डोक्यावर बसलेत आणि तुम्ही माझे पाय कसले धुताय?"

"गप उभा राहा," मावशी म्हणाल्या.

कळीतली म्हातारी फुलकिडी खो खो हसली. तिच्या घराण्याची रीत अशी, की पिल्लांनी मातीत उतरून निजायचं आणि पंख फुटले की वर यायचं. पिल्लं उतरली. वर एकही आलं नाही. मागून धाकटी पिल्लं उतरली, तीही आली नाहीत.

म्हातारी गोंधळली. "गुलाबा, तुझ्या पायाशी कोण राहतं रे?"

गुलाबाने मुळं चाचपून पाहिली. "कोणी नाही बाई. असतं तर मला कळलं नसतं?"

काही दिवसांनी स्वच्छ, टपोरं फूल उमललं. मावशींनी पुन्हा तेच पाणी बुंध्याशी ओतलं.

गुलाब शेजारच्या जास्वंदीला म्हणाला, "किडे आपोआप गेले, आणि ही बाई अजून माझे पायच धुतेय!"