निळाई आणि पळते तोरण

एका राज्यात वर्ष संपत नव्हते. ऋतू येत होते, जात होते, पाऊस वेळेवर पडत होता, आंब्याला मोहोर धरत होता, पण पंचांगातले वर्ष जे होते तेच राहिले होते. त्या राज्याचा रिवाजच तसा होता. पाडव्याच्या सकाळी राजवाड्यासमोरून घोडे सुटायचे, नदीकाठच्या विजयतोरणाखालून पहिला घोडा पार झाला की जोशीबुवा नवे पंचांग उघडायचे, आणि मगच नवे वर्ष लागायचे. गेल्या सात पाडव्यांना एकही घोडा तोरणाखालून गेला नव्हता. पाडवा दाराशी येई आणि आल्या पावली परत जाई.

घोडे पळत नव्हते असे नाही. तोरणच पळत होते. घोडे जवळ आले की ते आपले दोन्ही खांब पायांसारखे उचलून चालू लागे; घोडे भरधाव आले की तेही भरधाव निघे. असे पळता पळता ते नदीकाठ सोडून, शिवार ओलांडून, चार कोसांवरच्या टेकडीमागे जाऊन उभे राहिले होते.

राजा हेमांगदाला आधी याची गंमत वाटली. एकोणपन्नासावर वय थांबले तर कोणाला नको असते? प्रधानजीही खुशीत होते, कारण 'पुढच्या वर्षी करू' म्हणून टाळलेली सगळी कामे आपोआप टळलेलीच राहिली. हाल झाले ते ज्यांची लग्ने पुढच्या वर्षी ठरली होती त्यांचे. सुतारआळीतली एक नवरी सात वर्षे हळदीची वाट पाहत होती आणि तिकडे नवरदेवाच्या डोक्यावरचे केस उडत चालले होते. शेवटी प्रजा कुरकुरू लागली, आणि दरबाराने विचारान्ती निदान केले की घोडे आळशी झाले आहेत. मग काय, दरसाल चाबूक एक वीत लांब होऊ लागला. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात, ते हेच.

राजाच्या पागेत बकुळा नावाची मोतद्दारीण होती. घोड्यांना चारावे, पाजावे, खरारा करून त्यांचे अंग साफ करावे, ही तिची पिढीजात चाकरी. पागेतल्या निळाई नावाच्या करड्या घोडीवर तिचा फार जीव. निळाई शिंगरू असल्यापासून तिने वाढवलेली. सातव्या पाडव्याला निळाई सर्वांच्या पुढे होती. तोरण दहा हातांवर आले, स्वाराने चाबकामागून चाबूक ओढला, आणि निळाई एकाएकी थांबली. चार पाय रोवून उभीच राहिली.

राजा संतापला. भरल्या दरबारात त्याने शब्द टाकला की, येत्या पाडव्याला ही घोडी तोरणाखालून गेली नाही, तर तिची रवानगी मिठागरावर. तिथे मिठाची पोती वाहणारी जनावरे दुसरा पावसाळा पाहत नसत, हे सगळ्यांना ठाऊक होते. आणि त्या राज्यात राजाचा शब्द राजालाही फिरवता येत नसे. निळाईच्या पाठीवरच्या वळांना हळद लावता लावता ती रडली.

पागेच्या आढ्यावर एक कोतवाल पक्षी राहत असे. काळा कुळकुळीत, शेपटीला कात्री. घोड्यांच्या पाठीवर बसून माशा टिपणे हा त्याचा धंदा, आणि पाहिलेले कधीही न विसरणे हा त्याच्या कुळाचा वसा. तो खाली उतरला आणि माणसाच्या वाणीने बोलला.

"बकुळे, तोरण का पळते ते विचारायला तोरणाकडेच जावे."

बकुळेने भाकरी बांधून घेतली आणि पक्ष्यामागून चालू लागली. टेकडी ओलांडली तो समोर एक झोपडी, झोपडीच्या अंगणात विजयतोरण उभे, आणि तोरणावर एक धोतर वाळत घातलेले. धोतराचा मालक जखोबा मांत्रिक उन्हात बसून सुपारी कातरत होता.

जखोबा पूर्वी राजाचा खास मोतद्दार होता. मेघवर्ण नावाचा राजाचा आवडता घोडा त्याच्या हातचा. आठ पाडव्यांपूर्वी राजा स्वतः मेघवर्णावर बसून शर्यतीत उतरला होता. मेघवर्ण इतका पुढे होता की मागच्यांची नुसती धूळ दिसत होती. तोरण पाच हातांवर राहिले असताना राजाने सोन्याच्या मुठीचा चाबूक उचलला आणि त्याला हाणला. मेघवर्ण तोरणाखालून गेला आणि पलीकडे कोसळला, तो उठलाच नाही. राजाला वाटले, चाबकामुळेच जिंकलो. त्याने तो चाबूक खजिन्यात मखमलीवर ठेवला. जखोबाने त्याच दिवशी तोरणाला शाप दिला की, आजचा हा फटका धरून, पुढे घोड्याला बसेल त्या प्रत्येक फटक्यागणिक तू एक हात मागे सरशील. मग तो राज्य सोडून टेकडीमागे आला, आणि शाप त्याच्यामागोमाग अंगणात आला.

"जिंकलेल्या घोड्याला मारले, पोरी," जखोबा म्हणाला. "हरणाऱ्याला मारले असते तर निदान मला कारण तरी सापडले असते."

बकुळेने निळाईची हकीकत सांगून उःशाप मागितला. जखोबाने तीन अटी घातल्या. पहिली, तो सोन्याच्या मुठीचा चाबूक राजाने आपल्या हाताने उचलून माझ्याकडे आणावा. दुसरी, ज्या हातांनी फटके मारले त्याच हातांनी तितके खरारे घोड्यांना करावेत. प्रत्येक खराऱ्याला तोरण एक हात परत येईल. तिसरी, पाडव्याला निळाईने सर्वांआधी तोरणाखालून जावे, तेही आपल्या मर्जीने. ना चाबूक, ना टाच, ना लगामाला हिसका. त्या दिवशी एक जरी फटका पडला, तर तोरण क्षितिजापलीकडे जाईल ते कायमचे.

बकुळा निळाईला घेऊन थेट दरबारात उभी राहिली आणि तिने सगळा वृत्तान्त सांगितला. दरबार हसला. राजवैद्य पुढे झाले आणि त्यांनी मान डोलावत खुलासा केला की, घोड्याचे कातडे जाड असते, चाबूक त्याला लागत नाही, नुसत्या गुदगुल्या होतात आणि उत्साह येतो.

तेवढ्यात एक माशी घोंगावत आली आणि निळाईच्या पुठ्ठ्यावर बसली. निळाईचे कातडे जिथे माशी बसली तिथेच, तेवढेच, थरारले. माशी उडाली आणि दोन बोटे पुढे बसली. कातडे तिथे थरारले.

"महाराज," बकुळा म्हणाली, "जिला माशीचे पाय कळतात, तिला चाबूक कळत नसेल का?"

दरबारातले हसू थांबले. राजा बराच वेळ त्या माशीकडे पाहत होता. मग उठून खजिन्यात गेला. मखमलीवरच्या त्या चाबकाची एक खोड होती. तोरणाला शाप लागल्यापासून जो त्याला उचली, त्याला तो आपणहून एक फटका देई, म्हणून सात वर्षांत कोणी त्याची धूळसुद्धा झटकली नव्हती. राजाने डाव्या हाताने मूठ धरली. चाबूक वळवळला आणि सप्पकन राजाच्या उजव्या हातावर बसला. तळहातावर लाल रेघ उठली, डोळ्यांत पाणी आले.

"वैद्यबुवा," राजा म्हणाला, "उत्साह काही आला नाही."

वैद्यबुवांना त्या दिवशी काहीतरी तातडीचे काम निघाले. राजा तोच हात फडक्यात बांधून चार कोस चालत गेला आणि त्याने चाबूक जखोबापुढे ठेवला. जखोबाने त्याला पाणी दिले. पहिली अट पुरी झाली.

दुसऱ्या अटीसाठी कोतवाल पक्ष्याला हिशेब विचारला, तर त्याने एका दमात पंचवीस हजार सहाशे नऊ असा आकडा सांगितला. सात वर्षे ज्यांनी चाबूक चालवले ते बारा स्वार आणि तेरावा राजा, सगळे बाह्या सरसावून पागेत उतरले. यांपैकी कोणालाही खरारा कसा धरतात हे माहीत नव्हते. एका सरदाराने तो आधी स्वतःच्या मिशीवर फिरवून पाहिला. बकुळा त्यांना मानेपासून सुरुवात करायला शिकवी, केसांच्या उलट ओढला की हात धरी. पहिल्या दिवशी घोडे त्यांना पाहून अंग चोरत होते. चौथ्या दिवशी राजाच्या घोड्याने डोळे मिटून त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली, आणि राजा ती हलू नये म्हणून जेवणाची वेळ टळेपर्यंत तसाच उभा राहिला.

तिकडे टेकडीवरून तोरण हात हात सरकत परत निघाले. जखोबाने घाईघाईने धोतर काढून घेतले. शिवारातली माणसे कामे सोडून बघायला उभी राहिली. नवव्या दिवशी ते नदीकाठी आले आणि आपल्या जुन्या जागेपासून एक हात अलीकडे थांबले. बारा स्वार दमून बसले होते, पागेतल्या घोड्यांचा हिशेब संपला होता, पण तोरण काही हलेना.

"एक फटका राहिला आहे, राजा," कोतवाल म्हणाला. "तो घोडा पागेत नाही."

राजाला समजले. नदीकाठी मेघवर्णाला पुरले होते, तिथे आता गवत वाढले होते. राजा एकटाच तिथे गेला, गुडघे टेकून बसला आणि गवतावरून मानेपासून पाठीपर्यंत जसा फिरवावा तसा त्याने खरारा फिरवला. तो मोठ्याने रडला, आणि कोणी पाहते आहे का याची त्याने पर्वा केली नाही. तोरण एक हात सरकले आणि आपल्या जागी बसले.

पाडवा उजाडला. तोरणाला आंब्याचे डहाळे लावले, रिवाजाप्रमाणे साखरगाठ्यांची माळ बांधली. निळाईवर बकुळा बसली. नगारा झाला आणि तेरा घोडे आणि एक घोडी मोकळ्या हातांच्या स्वारांना घेऊन सुटली. निळाई वाऱ्यासारखी पळाली. बाकीचे तिच्या मागे पडले, राजाचा घोडाही. लोक ओरडत होते, तोरण जागचे हलत नव्हते, बकुळेला वाटले आता झालेच. आणि तोरण दहा हातांवर आले तशी निळाई थांबली. चार पाय रोवून, गेल्या वर्षीसारखीच. तिच्या लेखी ही मार पडण्याची जागा होती.

मागचे घोडे तिला पाहून एकेक करून थांबले. बकुळेने लगाम सैल सोडला आणि घोडीच्या मानेवर हात ठेवला. तिच्याजवळ करण्यासारखे आणखी काहीच नव्हते. मिठागराची गाडी वेशीवर तयार उभी होती, ती तिला इथून दिसत होती.

तेवढ्यात राजाचा उजवा हात वर गेला. हातात काही नव्हते, पण तीस वर्षांची सवय हाताला असते, डोक्याला विचारून ती येत नाही. राजाने वर गेलेल्या आपल्या हाताकडे पाहिले. तळहातावरची लाल रेघ अजून पुसली नव्हती. त्याने तो हात हळूच खाली आणला आणि आपल्या घोड्याची आयाळ खाजवू लागला.

"थांबू या," राजा म्हणाला. "तिला घाई नाही, तर मला कसली आहे?"

सारे राज्य एका घोडीच्या मर्जीसाठी थांबले. ऊन चढले. निळाईने कान मागे केले, पुढे केले. कोणी मारले नाही. तिने मान वळवून आपल्या पाठीकडे पाहिले. तिथे नुसती बकुळा होती. मग तिने नाक वर करून वास घेतला. एक पाऊल टाकले, थांबली, आणखी एक टाकले. तोरणाशी येऊन तिने मान लांब केली आणि साखरगाठ्यांची माळ ओढून कुडुम कुडुम खाऊ लागली. माळेचे दुसरे टोक पलीकडच्या बाजूला होते. ते मिळवायला ती तोरणाखालून सावकाश पार झाली.

जोशीबुवांनी पंचांग उघडले. गर्दीतून जखोबा म्हणाला की गोडाने आली ती मर्जीनेच आली, माझी तक्रार नाही. शाप सुटला. मिठागराची गाडी रिकामी परत गेली, आणि बकुळेने निळाईच्या गळ्यात तोंड खुपसले ते संध्याकाळपर्यंत काढले नाही. सुतारआळीत त्याच दुपारी हळद लागली. राजाला पन्नासावे लागले. प्रधानजींपुढे सात वर्षांची कामे एकदम येऊन पडली. सोन्याच्या मुठीच्या चाबकाची वेणी जखोबाने सोडली आणि त्या वादीने दरसाल तोरणाला साखरगाठ्या बांधण्याचा हुकूम झाला. त्या राज्यात घोडे आजही पळतात, आणि जो घोडा थांबतो त्याच्यासाठी लोक थांबतात.

निळाईला जशी मर्जी लाभली, तशी ती मुक्या जिवांना सगळीकडे लाभो. आणि ज्याचा हात सवयीने वर जात असेल, त्याच्या हातावर वेळेवर एक माशी बसो.