एकोणीस किलोचा ग्रह

"वजन म्हणजे कुठलं वजन, लतीफबाबा?"

प्राध्यापक दिगंबर होनपांनी फकिरालाच उलटा प्रश्न टाकला. म्हाताऱ्यानं साधंच विचारलं होतं, मुलीचं वजन किती? पण साध्या प्रश्नाला साधं उत्तर दिलं, तर तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवल्याचा उपयोग काय!

टेकडीवरच्या त्या दर्ग्यात लोक नवस फेडायला पोराची गुळानं तुला करत. लिंबाच्या आडव्या फांदीला मोठा तराजू टांगलेला. एका पारड्यात पोर, दुसऱ्यात गूळ. दांडी सरळ झाली की गूळ वाटायचा. त्याआधी त्यातला खडाही उचलायचा नाही, असा तिथला रिवाज.

होनपांनी गुळाच्या दोन ढेपा आणल्या होत्या. पोर आणलं नव्हतं.

खाली पायरीवर त्यांची बायको, सुमेधाबाई, पाठ करून बसल्या होत्या. नवस त्यांचा, मुलगी आजारी असताना बोललेला. सव्वा महिना झाला, नवऱ्याशी त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. आज सकाळी त्यांनी नुसतं ढेपांकडे बोट दाखवलं, आणि आयुष्यभर नवसांची टिंगल केलेला हा माणूस मुकाट ढेपा उचलून टेकडी चढला. निदान यानं तरी ती बोलेल, एवढ्याच आशेवर.

"माणसाला स्वतःचं असं वजन नसतंच," होनप म्हणाले. "जमीन ओढते, त्या ओढीला आपण वजन म्हणतो. चंद्रावर सहावा हिस्सा. मंगळावर तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. गुरूवर अडीच पट. कुठलं सांगू?"

"पोरीला ठावं होतं हे?"

"तोंडपाठ होतं."

"मग...?"

होनप थोडा वेळ ढेपेवरचं गोणपाट चाचपत राहिले.

"दवाखान्यात रोज सकाळी वजन करायचे तिचं. चोवीस होतं, मग तेवीस झालं. घाबरली. मी म्हटलं, शाल्मली, घाबरतेस कशाला, तू प्रवासाला निघालीयस. बावीसच्या खाली आली तेव्हा म्हटलं, बघ, शुक्रावर पोचलीस, तिथं चोवीसचे एवढेच भरतात! केवढी हसली. नर्सबाईंना सांगत सुटली, मी शुक्रावर आहे म्हणून."

"बरं केलंत."

"दोन दिवसांनी युरेनस झाला. त्याच्यापुढं ग्रहच नव्हता, लतीफबाबा. एकदम मंगळ, नऊ किलोचा. मधे काहीच नाही." होनपांनी गोणपाटाची कड दुमडली. "एकोणीस भरली त्या दिवशी तिनं स्वतःच वहीत गणित मांडलं. मला विचारलं, अप्पा, एकोणीस किलोचा ग्रह कुठला?"

"काय सांगितलंत?"

"असा ग्रह नाही, म्हणालो."

होनपांची नजर खाली पायरीकडे गेली.

"खोटं कसं सांगणार? तिनं वही मिटली. पुन्हा काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी गेली. हिनं कोपऱ्यातून सगळं ऐकलं होतं. तेव्हापासून ही गप्प."

वर्गात कधी न अडखळलेला माणूस शर्टाच्या बाहीला डोळे पुसत उभा होता. लतीफबाबांनी त्यांना पुसू दिले. मग हळूच विचारलं,

"आन् गूळ? चंद्रावर गुळाचं काय व्हतं?"

"त्याचाही सहावा हिस्सा."

"म्हंजे तराजू?"

"सरळच राहील."

"मंगळावर?"

"तिथंही. कुठंही न्या. पोरीइतका गूळ... सगळीकडे पोरीइतकाच."

हे त्यांनी शेकडो मुलांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. आज पहिल्यांदाच ते स्वतः ऐकत होते.

लतीफबाबांनी दोन्ही ढेपा, मिळून एकोणीस किलोच्या, पारड्यात ठेवल्या. पारडं धाडकन जमिनीला टेकलं. दुसरं, रिकामं, होनपांच्या छातीशी येऊन हिंदकळू लागलं.

"ठेवा."

"काय ठेवू? ती नाही."

"दांडी सरळ झाल्याबिगर गूळ वाटता येत न्हाई, मास्तर."

होनप पुढं सरकले. मग त्यांनी रिकाम्या पारड्याच्या कडेवर दोन्ही हात ठेवले आणि दाबलं. ढेपा जमिनीवरून उचलल्या गेल्या. आणखी थोडं दाबलं. दांडी सावकाश सरळ झाली.

शेवटच्या आठवड्यात तिला उचलून न्हाणीघरात नेताना ते मनातल्या मनात पाढे म्हणत असत, हातांना काही कळू नये म्हणून. आता हातांना सगळं कळत होतं.

"एवढी होती," ते म्हणाले. "एवढीच राहिली होती हो!"

आणि ते रडले. मान खाली घालून, लाज न धरता, पण पारडं न सोडता. दांडी हलायला लागली.

"किती वेळ धरू, लतीफबाबा? हात भरून आले."

म्हाताऱ्यानं पायरीकडे पाहिलं. सुमेधाबाईंनी मान वळवली होती.

"एकच कड दाबून पारडं तुमच्या बाजूला कलतंय, मास्तर. पल्याडची कड धरायला बाईंना हाक मारा."