चेंडू आणायला गेलेला गाव्रिल

फार वर्षं झाली या गोष्टीला. कुठलं साल ते विचारू नका, तिथल्या म्हाताऱ्यांचंच त्यावर एकमत नाही. रोमानिया नावाच्या देशात, सिरेत नदीच्या काठी साल्चेनी नावाचं एक लहान गाव होतं आणि तिथे गाव्रिल नावाचा एक नावाडी राहत असे. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला ‘नेआ’ म्हणतात, आपण ‘दादा’ म्हणतो तसं. पण याला नेआ गाव्रिल म्हणणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. नदीवर पूल झाला होता. माणसं पुलावरून जाऊ लागली आणि होडी काठाला बांधून पडली.

गावात लाकडं कापायची गिरणी होती आणि गिरणीतल्या कामगारांचा फुटबॉलचा क्लब होता. नाव झोरिले, म्हणजे पहाट. नाव मोठं, खेळ मात्र बेताचा. मैदान अगदी नदीला लागून आणि क्लबकडे चेंडू एकच. ती जागा निवडणाऱ्याची अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. सामना सुरू झाला की पाच-सहा वेळा तरी चेंडू पाण्यात जाई. मग सगळं मैदान ओरडे, “गाव्रिल!” आणि गाव्रिल होडी सोडी.

आठवड्यात तेवढ्याच वेळा त्याचं नाव कुणाच्या तोंडी येत असे. म्हणून तो चेंडू काठावरून फेकत नसे. सदऱ्याने कोरडा करी, चालत रेघेपर्यंत येई आणि खेळाडूच्या हातात देई. कुणीतरी दोन शब्द बोलेल, असं त्याला वाटे. खेळाडू म्हणत, “टाक की लवकर.” गरज सरो, वैद्य मरो. तो परत होडीत जाऊन बसे.

असं म्हणतात, की एका वसंतात बर्फ वितळलं आणि सिरेत दुथडी भरून वाहू लागली. अशाच एका रविवारी हंगामाचा शेवटचा सामना होता. गिरणीच्या साहेबांनी बजावलं होतं, हरलात तर क्लब बंद. कप्तान कोस्ताके पंचांना द्यायच्या कागदावर खेळाडूंची नावं लिहीत होता. गाव्रिल त्याच्यापाशी येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याने काही मागितलं नव्हतं.

“कोस्ताके, माझंही नाव लिही की. अगदी खाली लिहिलंस तरी चालेल.”

“तू कुठे खेळतोस, नेआ गाव्रिल?”

“खेळत नाही. पण असतो ना मी.”

कोस्ताकेला हसू आलं. “बरं. सामना संपला की लिहितो.”

संपल्यावर नाव लिहून काय उपयोग? पण गाव्रिलला ती थट्टा कळली नाही. हा शब्द त्याने खरा धरला आणि खुशीत होडीत जाऊन बसला.

दोन मिनिटं उरली तेव्हा एक-एक अशी बरोबरी होती. पाहुण्यांचा जोर एवढा होता, की गोल आता होणारच असं सगळ्यांना दिसत होतं. घाबरून कोस्ताकेने चेंडू लाथाडला, तो थेट नदीच्या मधोमध. मैदान ओरडलं, “गाव्रिल!” गाव्रिलने पुराकडे एकदा पाहिलं आणि दोर सोडला. नाव लिहायचं तर सामना संपायला हवा आणि सामना संपायचा तर चेंडू हवा, एवढा साधा त्याचा हिशोब. चेंडू पुढे, होडी मागे. नदीच्या वळणावर दोन्ही दिसेनाशी झाली.

सगळे वाट बघत राहिले. पंचांना आगगाडी गाठायची होती. शेवटी त्यांनी कागदावर लिहिलं, ‘चेंडू परत येईपर्यंत सामना थांबवला आहे’, आणि ते स्टेशनकडे गेले. माणसंही पांगली. कोस्ताके एकटाच काठावर उभा राहिला. रिकाम्या मैदानाशेजारी बोलायला कुणी नसलं की कसं वाटतं, ते त्याला त्या दिवशी कळलं. गाव्रिल तिथे रोज उभा असायचा.

दुसऱ्या दिवशी साहेब क्लब बंद करायला आले. पण बंद करणार कसा? सामना संपलाच नव्हता, तर हरलं कोण?

असं म्हणतात, की गाव्रिल पुढे पुष्कळांना दिसला. सिरेत जिथे डॅन्यूबला मिळते तिथल्या कोळ्यांनी त्याला पाहिलं. चेंडू त्याच्यापुढे दोन वल्ह्यांच्या अंतरावर होता. डॅन्यूबच्या मुखापाशी पाणपक्ष्यांचे थवे बाजूला सरले आणि त्यांनी होडीला वाट दिली. काळ्या समुद्रात एका जहाजावरच्या खलाशांनी दोर टाकला आणि हाक मारली, “म्हातारबा, पुरे झालं, वर या.”

“नाही जमायचं,” गाव्रिल म्हणाला. “सामना थांबलाय माझ्यासाठी.”

पुढे गिरणी बंद पडली. तरणी माणसं इटलीला, स्पेनला कामाला गेली. साल्चेनीत आता कधीकधी आठच खेळाडू जमतात. पण त्यांच्या कागदावर एक नाव नेहमी जास्त असतं, सगळ्यात वर : नेआ गाव्रिल. नवा चेंडू आणल्यावर कोस्ताकेने पुढच्याच सामन्याला ते लिहिलं, तेही खेळ सुरू होण्याआधी. त्याच्यानंतर प्रत्येक कप्तान लिहीत आला.

नवखा पंच माणसं मोजतो आणि विचारतो, “हा नेआ गाव्रिल कुठाय?”

“चेंडू आणायला गेलाय.”

जुने पंच विचारत नाहीत. वेळ संपत आली की ते शिट्टी ओठांशी नेतात आणि कप्तानाकडे बघतात. कप्तान नदीच्या वळणाकडे बघतो. पाहुणेसुद्धा तिकडेच बघतात.

“अजून नाही,” कप्तान म्हणतो. मग शिट्टी वाजते.