पाकोळीचा सत्कार

एका जंगलाच्या कडेने एक नदी वाहत असे, आणि त्या नदीच्या उंच, उभ्या दरडीत एक पाकोळी राहत असे. मुलांनो, पाकोळी म्हणजे चिमणीहूनही लहान पाखरू. काड्या-कापूस गोळा करून घरटे बांधणे तिच्या घराण्यात नाही. ती आणि तिचा जोडीदार चोचीने माती टोकरतात, नखांनी मागे लोटतात आणि दरडीच्या पोटात हातभर लांब बीळ कोरतात. बिळाच्या टोकाला पिसांची गादी, आणि गादीवर पांढरीशुभ्र अंडी. दरड उंच असली म्हणजे साप चढत नाही आणि मुंगसालाही तिथवर पोचता येत नाही. म्हणून पाकोळ्यांचा उंच दरडीवर फार जीव.

या दरडीत पूर्वी पाकोळ्यांची मोठी वस्ती होती. पण दरड सारखी कोसळू लागली, तशी एकेक करून जोडपी खालच्या वळणावरच्या बुटक्या काठात राहायला गेली. तिथे धामण हवे तेव्हा पाहुणी म्हणून येई आणि पिल्ले गिळून जाई. पण निदान घर अंगावर पडत नसे. जाताना जो तो मान खाली घालून म्हणे, "आपल्यालाच नीट कोरता येत नाही, दुसरं काय!" शेवटी उंच दरडीत राहिली ती ही एकटी पाकोळी आणि तिचा जोडीदार.

थंडीच्या दिवसांत तिने बीळ कोरले, अंडी घातली. एका सकाळी दोघे माशा टिपायला म्हणून जरा बाहेर पडली, आणि परत येऊन पाहतात तो दरडीचा लचकाच तुटून खाली पडलेला! बीळ गेले, गादी गेली, अंडी गेली. खाली मातीच्या ढिगात कोल्हा तोंड खुपसून उभा होता. पाकोळीला पाहताच त्याने घाईघाईने मान वर काढली.

"अरेरे, पाकोळीताई! दरड कोसळली हो! एखादं अंडं वाचतंय का, तेच शोधत होतो. पण नशीबच खोटं, त्याला कोण काय करणार? तू धीर सोडू नकोस. पुन्हा कोर. तुझ्यासारखी जिद्द या जंगलात कुणाकडे आहे?"

पाकोळीला भरून आले. नात्याचा ना गोत्याचा, पण कोल्होबा आपल्यासाठी मातीत तोंड घालतो! तिने डोळे पुसले आणि पुन्हा कोरायला घेतले.

दुसरे बीळ तिने आणखी खोल नेले. चोचीचे टोक झिजले, नखे दुखू लागली. तेही बीळ कोसळले. या वेळी कोल्ह्याबरोबर बगळाही हजर होता. दरडीची माती पाण्यात पडली की पाणी गढूळ होई, मासे गोंधळून काठाशी येत आणि बगळ्याला मान वाकवण्यापलीकडे कष्ट पडत नसत. तोंडातला मासा गिळून, एका पायावर उभा राहून, डोळे मिटून तो म्हणाला, "अपयश ही यशाची पहिली पायरी असते, बाळ."

घर एकाचे पडते आणि सुविचार भलत्यालाच सुचतात, ही रीत काही आजची नाही. पण पाकोळी भोळी. ती म्हणाली, "खरं आहे, बुवा. माझंच कुठेतरी चुकत असेल."

तिसऱ्या बिळाच्या वेळी अंडी इतकी भरली होती, की कान लावला तर आतून टकटक ऐकू येई. आज-उद्या पिल्ले बाहेर येणार होती. आणि नेमकी त्याच सकाळी दरडीने पुन्हा अंग टाकले.

पाकोळी रडली नाही. समोरच्या वाळूवर ती नुसती बसून राहिली. जोडीदार हळूच म्हणाला, "चल गं. आपणही खालच्या वळणावर जाऊ. धामण तर धामण." आता उन्हाळा उतरत आला होता. नदीला पाणी चढले म्हणजे दरड अर्धी बुडते. एकच खेप उरली होती. ती वाया गेली, तर या वर्षी पिल्लू नाही.

इतक्यात कोल्हा आला. जिभेने मिशा साफ करीत म्हणाला, "ताई, तू आमचा आदर्श आहेस! आम्ही सगळ्यांनी तुझा जाहीर सत्कार करायचं ठरवलंय. येत्या पुनवेच्या सकाळी, उंबराखाली. अध्यक्ष रानडुक्करमामा. तोवर तू चौथं बीळ कोरायला लाग. अंडीही होऊ दे. म्हणजे सत्काराला शोभा येईल!"

कोल्हा गेला. पाकोळीने मान वर करून दरडीकडे पाहिले. आजवर दर वेळी ती कोसळलेल्या मातीकडे बघत आली होती. आज पहिल्यांदाच ती मोडलेल्या कडेकडे बघत होती. तिथे लव्हाळ्याची मुळे लोंबत होती. ही मुळे तिच्या चांगल्या ओळखीची. बीळ कोरताना ती वरच्या मातीत जाळीसारखी विणलेली लागत. घराला जशा तुळया, तशी ती दरडीला. पण ही मुळे सुकून गळलेली नव्हती, ताजी तुटलेली होती.

ती भरारी मारून दरडीच्या माथ्यावर गेली. माथा नांगरल्यासारखा उलथापालथा झाला होता. लव्हाळ्याचे ठोंब उपटून फेकलेले, त्यांच्या मुळांच्या गोड गाठी खाऊन टाकलेल्या, आणि जिथे तिथे डुकराचे खूर उमटलेले. अन् एका बाजूला, जिथून खालचा मातीचा ढीग नीट दिसतो तिथे, कुणीतरी आरामात बसून राहिल्याची खूण होती. पंजे कोल्ह्याचे होते.

पाकोळीच्या अंगाची लाही लाही झाली. तीन वेळा ती स्वतःला दोष देत आली होती! आणि वर या कोल्ह्याचे उपकार मानत आली होती! आणि मग तिच्या ध्यानात आले, की आज कितीतरी दिवसांनी आपल्याला बरे वाटते आहे. दरड नशिबाने पडत असती, तर कुणाकडे दाद मागायची? पण ती कुणीतरी पाडत होते. जे कुणीतरी पाडते, ते थांबवताही येते.

"तू खालच्या वळणावर जा," ती जोडीदाराला म्हणाली. "एकूण एक पाकोळीला सांग, माझ्या सत्काराला या म्हणावं. जेवण नाही, पण ऐकण्यासारखं आहे."

ठरल्या सकाळी उंबराखाली ही गर्दी झाली. रानडुक्कर अध्यक्ष म्हणून चिखलाच्या ओट्यावर पसरला होता. माकडे टाळ्या वाजवायला पुढे बसली होती, बगळा बाजूला एका पायावर उभा होता आणि उंबराच्या शेंड्यावर खालच्या वळणावरच्या पाकोळ्या बसल्या होत्या. कोल्ह्याने घसा साफ केला.

"मंडळी! घर एकदा पडलं, दोनदा पडलं, तीनदा पडलं, पण ही आमची ताई हरली का? नाही हरली! आजकालच्या तरुण पाखरांनी हिचा कित्ता गिरवावा. चौथ्यांदा पडलं तरी ही पाचव्यांदा कोरील, याची मी ग्वाही देतो!"

टाळ्या कडाडल्या. मग अध्यक्षांच्या हस्ते सत्कार झाला. श्रीफळ म्हणून तिच्यापुढे एक बेलफळ ठेवले, ते तिच्या चौपट होते. शाल म्हणून पळसाचे पान पांघरले, त्याच्याखाली तर ती दिसेनाशीच झाली. पुन्हा टाळ्या कडाडल्या. सत्कारमूर्ती कुठे गेली, याची चौकशी कुणी केली नाही.

पानाखालून आवाज आला, "मला बोलायचंय."

"आभाराचं भाषण शेवटी, ताई," कोल्हा म्हणाला.

पाकोळीने पान भिरकावून दिले आणि ती थेट रानडुकरापुढे जाऊन बसली. "मामा, दरडीच्या माथ्यावरचा लव्हाळा कोण उकरतं?"

"मीच की," रानडुक्कर म्हणाला. त्याला लपवाछपवी ठाऊक नव्हती, कारण त्याने कधी विचारच केलेला नव्हता.

"जंगलात लव्हाळ्याला तोटा आहे का? मग तिथेच का?"

"कोल्होबाने दाखवलं. म्हणाला, मामा, तिथल्या गाठी म्हणजे साखर! कधी यायचं तेही तोच सांगतो. मागे एकदा मी निघालो, तर म्हणाला, 'आज नको मामा, अजून अंडी भरायची आहेत.' आता अंड्यांचं आणि माझ्या गाठींचं काय नातं, ते काही मला कळलं नाही बुवा."

कोल्हा मोठ्याने हसला. "मामा म्हणजे ना, फार विनोदी! बरं, आता पुढचा कार्यक्रम..."

"थांबा!" पाकोळी ओरडली. एवढ्याशा गळ्यातून एवढा आवाज निघेल असे कुणाला वाटले नव्हते. "माझ्या अंड्यांतून पिल्लांची टकटक येत होती, कोल्होबा. ती तुम्ही खाल्लीत, आणि मला म्हणालात, धीर धर! माझी जिद्द तुम्हाला का आवडते ते आज कळलं. तिला अंडी लागतात म्हणून आवडते! आणि बुवा, तुमच्या त्या पायरीवर दर वेळी मासे मिळतात. तुम्ही तरी खाली कशाला उतराल?"

बगळ्याने उभा पाय बदलला.

एक म्हातारे माकड नाराजीने म्हणाले, "अगं, सत्काराच्या दिवशी असं कडू बोलू नये. चार पाहुणे आलेत."

"मग कोणत्या दिवशी बोलू?" पाकोळीने विचारले. "घर पडलं त्या दिवशी बोलले असते, तर तुम्ही म्हणाला असता, बिचारी दुःखाने बडबडतेय!"

कार्यक्रम बिघडवला असे पुटपुटत माकडे उठली. कोल्ह्याला जाब विचारायला कुणीही पुढे आले नाही; जंगलात अशा वेळी सगळ्यांनाच घरचे काम आठवते. मात्र उंबराच्या शेंड्यावर बसलेल्या पाकोळ्या हलल्या नाहीत. त्यांतली एक म्हातारी पाकोळी कापऱ्या आवाजात म्हणाली, "म्हणजे आपल्याला कोरता येत होतं?"

"येत होतं, आजी," पाकोळी म्हणाली. "चांगलं येत होतं."

दुसऱ्या दिवशी दरडीवर माती उडू लागली. एक नव्हे, कितीतरी चोची टोकरू लागल्या. पण या वेळी सगळ्याच पाकोळ्या कोरीत नव्हत्या. काही जणी खाली कोरीत आणि काही जणी पाळीपाळीने माथ्यावर, उरल्यासुरल्या लव्हाळ्यात बसून पहारा करीत.

अंडी झाली, आणि अपेक्षेप्रमाणे एका सकाळी रानडुक्कर डुलत डुलत आला. मागून कोल्हा. पोटापुढे डुकराला कालचे आठवत नाही. त्याने मुस्कट खाली घातले आणि पहिला ठोंब उपटणार, तोच आपली पाकोळी बाणासारखी त्याच्या डोळ्यावर आली. केवढी ती, आणि केवढा तो! त्याने मान झटकली, ती भेलकांडली, पुन्हा आली. मग तिचा जोडीदार आला. मग चिर्र चिर्र करीत सगळी वस्ती बाहेर पडली. डोळ्यांपुढे पंख, कानांत ओरडा, नाकाशी चोची. डुकराला ना गाठ दिसेना ना वाट.

तो मागे सरला. दोन-तीनदा तो पुन्हा येऊन पाहून गेला, पण दर वेळी तीच गत. शेवटी वैतागून कोल्ह्याला म्हणाला, "गोड असतील तुझ्या गाठी, पण डोळेच फुटले तर खायचं कुठे बघून? पलीकडच्या तळ्याकाठीही लव्हाळा आहे. इथला तूच उकर!" आणि तो शेपूट हलवीत निघून गेला.

कोल्ह्याने खरेच उकरून पाहिले. नखे दुखली, मूळ हलले नाही. लव्हाळा मात्र मेला मेला म्हणता मातीत राहिलेल्या एकेका गाठीतून पुन्हा हिरवा फुटला.

नदीचे पाणी चढायच्या आत दरडीच्या भोकाभोकांतून पिल्लांची डोकी दिसू लागली. पाकोळीची चार पिल्ले बिळाच्या तोंडाशी येऊन बसली. खाली वाळूवर कोल्हा आ वासून बसला होता; एखादे तरी चुकून पडेल, एवढीच त्याची आशा. पहिले पिल्लू घाबरले, पंख फडफडवून तसेच राहिले. पाकोळीने त्याला मागून हलकेच ढकलले. ते खाली गेले, आणखी खाली गेले, कोल्ह्याच्या नाकावरून गेले, आणि नदीवर तरंगत वर चढले. मग दुसरे, मग तिसरे, मग चौथे.

कोल्ह्याने तोंड मिटले. त्याच्या बरगड्या मोजाव्यात इतका तो वाळला होता. पाकोळी त्याच्यासमोरच्या दगडावर येऊन बसली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "अरेरे, कोल्होबा! धीर सोडू नका. तुमच्यासारखी जिद्द या जंगलात कुणाकडे आहे?"

तात्पर्य : पडलेले घर पुन्हा उभारावेच, पण आपल्या जिद्दीचे जो फार कौतुक करतो, तो आपल्या पडझडीवर तर जगत नाही ना, हे एकदा वर जाऊन पाहावे.