हिरवळीची शेंडी

फार पूर्वी, गवत कापायचं यंत्र बैल ओढायचे, तेव्हाची गोष्ट. राजवाड्यासमोरच्या भल्यामोठ्या हिरवळीवर दुसऱ्या दिवशी लग्नाची पंगत बसायची होती. चांद्या बैल यंत्र ओढत होता आणि प्रत्येक फेरीला आधीच्या पट्ट्यावर वीतभर चढून चालत होता.

यंत्र करवादलं, "कापलेलंच काय पुन्हा कापायचं? बाजूनं चल की!"

"बरं बाबा," म्हणून चांद्या बाजूनं चालू लागला.

उन्हं कलली तेव्हा दोघांनी मागं वळून पाहिलं. दर दोन पट्ट्यांच्या मध्ये, न्हाव्यानं राखावी तशी गवताची शेंडी उभी होती!

"चल, अजून उजेड आहे," म्हणत चांद्या निवांत वळला.

यंत्र हळूच म्हणालं, "चांद्या, जरा कापलेल्यावर चढून घे हं."