झिपरीची पारख

घाटातल्या वानरांची शाळा एका जुन्या उंबराखाली भरत असे, तेव्हाची ही गोष्ट. प्रवाशांनी टाकलेली शेव आणि बिस्किटं खाऊन पिल्लं इतकी सोकावली होती, की फळांकडे आणि कोवळ्या पाल्याकडे ढुंकूनही बघत नसत. चार उड्या मारल्या की धापा टाकत बसत. त्यांत सगळ्यांत हट्टी होती झिपरी.

शाळेच्या म्हाताऱ्या बाई गोदाक्का रागावून थकल्या, समजावून थकल्या. शेवटी एक दिवस त्या झिपरीला म्हणाल्या, "बाळ, मला आता झाडावर चढवत नाही. माझ्यापुरती फळं आणशील?"

झिपरीने मूठभर करवंदं आणली. गोदाक्कांचं तोंड वाकडं झालं. "अगं, ही तर कच्ची आहेत!"

"मला काय माहीत? मी कुठे खाते?"

"मग चाखून आण."

झिपरीने नाक मुरडत एक चाखलं आणि थुंकलं. दुसरंही थुंकलं. तिसरं मात्र गिळलं आणि ती चौथं शोधू लागली. मग रोज तेच. करवंदांनंतर जांभळं आली. कोणत्या झाडाचा पाला गोड, कोणत्याचा तुरट, हेही तिला कळू लागलं.

महिन्याभरात तिच्यामागे पिल्लांची रांग लागली. "झिपरे, हे खाऊ का गं?"

"त्याला अजून दोन दिवस आहेत. चला, पिकलेलं मी दाखवते," असं म्हणून तिने एका दमात सर्वांत उंच फांदीवर झेप घेतली.

गोदाक्का शेजारणीला म्हणाल्या, "बघितलंस? माझी विद्यार्थिनी आहे ती!"